वजनकाट्याला खरं बोलू द्या

दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी मोजणं हे एकट्या बाईचं काम नाही. मूल फळीवर उताणं निजवायचं, एकीनं डोकं टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळपायाला भिडली की आकडा वाचायचा. मूल तोवर रडून अंगणवाडी डोक्यावर घेतं. मदतनीस खिचडीच्या पातेल्यापाशी अडकलेली असली, की मुलाची आई किंवा आजी हात लावते. गुडघा जरासा वाकलेला राहिला, तर एखादा सेंटिमीटर सहज हरवतो. मग सेविका तो आकडा मोबाइलमध्ये भरते आणि पुढच्या मुलाकडे वळते.

याच सेंटिमीटरांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठा वाद झाला. त्या वर्षीच्या जागतिक भूक निर्देशांकात १२५ देशांमध्ये भारत १११वा होता. लुकडी मुलं, म्हणजे पाच वर्षांखालची, उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं, त्यात १८.७ टक्के धरली होती. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं उत्तर दिलं, की पोषण ट्रॅकरवर, म्हणजे सेविका हे आकडे भरतात त्या ॲपवर, हे प्रमाण दर महिन्याला ७.२ टक्क्यांच्या खालीच राहिलं आहे. एक आकडा दुसऱ्याच्या अडीच पटीहून मोठा. दोन्ही आकडे एकाच देशातल्या मुलांचे.

यातला परदेशी आकडा बाजूला ठेवू. सरकारनं स्वतः केलेली पाहणी काय सांगते? २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लुकडी मुलं १९.३ टक्के निघाली. त्याआधी २०१६-१८मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १७.३ टक्के. महाराष्ट्राचं प्रमाण तर पाचव्या सर्वेक्षणात २५.६ टक्के होतं, आधीच्या फेरीइतकंच. आणि तीव्र लुकडी मुलं ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली होती. दोन वेगळ्या सरकारी पाहण्या एकमेकींच्या जवळ येतात आणि ट्रॅकर मात्र दोघींपासून दूर राहतो, तेव्हा शंका ट्रॅकरवरच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. खुज्या मुलांचं, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या मुलांचं, ट्रॅकरवरचं प्रमाण सर्वेक्षणाच्या ३५.५ टक्क्यांच्या आसपासच आहे. मग एकच माप का बिघडावं? एक कारण त्या वाकलेल्या गुडघ्यात सापडतं. मुलाची उंची कमी नोंदली गेली, की ते कागदावर जास्त खुजं होतं. पण त्या कमी उंचीला त्याचं वजन पुरेसं दिसू लागतं आणि लुकडेपणा झाकला जातो. खुजेपण हे वर्षानुवर्षांच्या उपासमारीचं आणि आजारपणाचं लक्षण, लुकडेपण आत्ताच्या. जे मूल या महिन्यात वाचवायचं आहे, नेमकं तेच असं निसटतं.

तरीही सगळा दोष फळीवर टाकता येत नाही. वयाच्या मानानं कमी वजनाची मुलं सर्वेक्षणात ३२.१ टक्के होती. २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या ट्रॅकरच्या आकडेवारीत ती सुमारे १७ टक्के दिसतात. वजनाला उंची लागत नाही. काटा आणि जन्मतारीख एवढंच लागतं. इथे दुसरी कारणं शोधावी लागतात. जी मुलं अंगणवाडीत येतात त्यांचीच वजनं होतात. आई-बापाबरोबर ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेली मुलं त्या दिवशी तिथे नसतात. आणि सगळ्यात अवघड कारण माणसांचं आहे. मूल तीव्र कुपोषित, अंगणवाडीच्या भाषेत 'सॅम', नोंदलं, की सेविकेच्या मागे पर्यवेक्षिका, तिच्या मागे प्रकल्प अधिकारी आणि त्यांच्या मागे जिल्हा लागतो. सॅमचा आकडा वाढला का, हा प्रश्न आढावा बैठकीत चढ्या आवाजात विचारला जातो. दोनशे-तीनशे ग्रॅम वाढवून लिहिलं की प्रश्नच येत नाही. सेविकेला खोटं लिहायची हौस नाही. खरं लिहिण्याची किंमत तिच्या एकटीच्या माथी पडते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. गावोगाव जन्म आणि मृत्यू स्वतः मोजल्यावर दिसलं, की बालमृत्यूंची सरकारी नोंद प्रत्यक्षापेक्षा फार कमी होती. मुलं मरत होती आणि वह्यांमध्ये जिवंतही नव्हती, मेलेलीही नव्हती. पुढे सरकारनं डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. व्ही. रमणी यांच्या नेतृत्वाखालच्या त्या कामाचा पहिला भर सगळ्या मुलांची वजनं घेण्यावर आणि ती खरी नोंदवण्यावर होता. हा क्रम बरोबर होता. आधी खरी संख्या, मग उपचार.

पोषण ट्रॅकर मोडीत काढा, असं इथे म्हणायचं नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी वर्षं अंगणवाडीची माहिती मासिक अहवालाच्या बेरजांतून वर जात होती. किती मुलं तिसऱ्या श्रेणीत, किती चौथ्या, एवढंच. मूल कोणतं, हे तालुक्यालाही कळत नसे. १ मार्च २०२१ पासून सुरू झालेल्या ट्रॅकरमध्ये प्रत्येक मुलाला नाव आहे, दर महिन्याचं वजन आहे, वाढीचा आलेख आहे. देशभरातल्या जवळपास चौदा लाख अंगणवाड्या एकाच ॲपवर आहेत. सर्वेक्षण कितीही नेमकं असलं तरी ते चार-पाच वर्षांनी येतं आणि अक्कलकुव्यातल्या अमुक घरातलं मूल घसरतंय, हे सांगू शकत नाही. ट्रॅकर ते सांगू शकतो. म्हणूनच तो खरा असायला हवा.

पण त्याची वाढ कुठल्या दिशेनं झाली, ते पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोनची क्षमता अपुरी होती, ते तापत होते, बंद पडत होते आणि ॲप इंग्रजीत होतं. मराठी भाषा ॲपमध्ये पुढे आली. आधार पडताळणीही आली. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहाराच्या वाटपासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. जिथे डोंगर चढून रेंज शोधावी लागते, तिथे आईनं आहाराच्या पाकिटासाठी कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन नवऱ्याबरोबर शहरात असला तर परत जायचं. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना पोषण आहाराचा हक्क २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं दिला आहे. त्या कायद्यात चेहरा जुळण्याची अट नाही. गळती थांबवायला हवी, यात वाद नाही. पण २०१७ मध्ये ठरलेला आहाराचा दर मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये आहे. त्या आठ रुपयांवर पहारा बसवायला जेवढी बुद्धी खर्च झाली, तेवढी काटा आणि फळी तपासायला झालेली दिसत नाही.

मुळात या यंत्रणेत माहिती वर चढते आणि खाली फारशी उतरत नाही. सेविका दिवसाचे तास ॲपमध्ये घालते, दिल्लीतल्या पडद्यावर रंगीत नकाशे उमटतात. गावाला मात्र आपल्या किती मुलांचं वजन झालं, किती राहिली, किती मुलं सलग दोन महिने घसरली, हे कुणी सांगत नाही. ही यादी, नावं वगळून, दर महिन्याला अंगणवाडीच्या भिंतीवर आणि ग्रामसभेत का वाचली जाऊ नये? रेशनच्या धान्याचा हिशेब मागणारं गाव मुलांच्या वजनाचाही मागेल.

आणि पडताळणी हवी, ती मुलांच्या मापांची. प्रत्येक जिल्ह्यात दर महिन्याला थोड्या अंगणवाड्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातल्या किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या लोकांनी तीच मुलं पुन्हा मोजावीत. दोन मापांतला फरक जाहीर व्हावा. फरक जास्त निघाला तर आधी काटा तपासावा, मग प्रशिक्षण द्यावं. नोटीस काढू नये. आढावा बैठकीत प्रश्नच बदलावा लागेल. सॅमची मुलं वाढली कशी, असं न विचारता, शोधलेल्या मुलांपैकी किती ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पोचली आणि किती बरी होऊन घरी गेली, हे विचारायला हवं. ज्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांमध्ये, सॅमचा आकडा महिनोन् महिने शून्य आहे, तिथे अधिकाऱ्यानं अभिनंदनाचं पत्र धाडण्याआधी स्वतः जाऊन मुलं पाहावीत.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाला यासाठी केंद्राच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. मोजमाप करणाऱ्या बाया राज्याच्या आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं राज्याची आहेत आणि मुलंही इथलीच आहेत. विभागानं एवढं एक लेखी परिपत्रक काढावं, की खरं वजन नोंदवल्यामुळे कुपोषणाचा आकडा वाढला, म्हणून कोणत्याही सेविकेवर कारवाई होणार नाही.