बारीक केस आणि दोनशे तीस अंश

तुळशीचं लग्न लागलं की पार्लरमध्ये बसायला फुरसत उरत नाही. वधू, तिच्या करवल्या, मावश्या, माम्या, सगळ्यांना केस सरळ करून हवे असतात आणि तेही मुहूर्ताच्या आत. या धांदलीत प्रेसिंग मशीन सकाळी एकदा २३० अंशांवर लावलं की संध्याकाळपर्यंत तिथेच राहतं. जाड केसांची मुलगी उठते, बारीक केसांची बसते, आकडा हलत नाही. लग्नसराई तोंडावर असताना आमची एकच कळकळीची विनंती आहे: बारीक केसांसाठी हा आकडा विसरा.

केराटिन ट्रीटमेंटच्या सूचनापत्रकांत २३० सर्रास लिहिलेलं असतं. रोजच्या प्रेसिंगमध्ये ते तिथूनच शिरलं असावं. पण कोरड्या केसातल्या केराटिनची घडण साधारण २३० ते २४० अंशांच्या आसपास कोसळू लागते, म्हणजे आपण कड्याच्या अगदी टोकावर उभे असतो. केस ओलसर असेल तर हीच मर्यादा १२० ते १५० अंशांपर्यंत खाली येते. प्लेट लावताच चर्र आवाज आला, तर केसाच्या आत अडकलेलं पाणी उकळत आहे असं समजा. त्या वाफेने केसात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि तिथेच तो तुटतो. वैद्यकीय नियतकालिकांत १९८६ साली या ‘बबल हेअर’ची पहिल्यांदा नोंद झाली.

आता बारीक केसाचा हिशेब पाहा. एक केस ८० मायक्रॉन जाडीचा आणि दुसरा ५० मायक्रॉनचा घेतला, तर दुसऱ्यात पहिल्याच्या तुलनेत जेमतेम चाळीस टक्के ऐवज असतो. तेवढा ऐवज तापायला वेळ लागत नाही. प्लेट रेंगाळली की आतला गाभाही पृष्ठभागाइतकाच तापतो. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे आणि तिच्याकडे फार कमी जणींचं लक्ष जातं. केस वाकवायला किंवा सरळ करायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. त्यामुळे ५० मायक्रॉनच्या केसाला सरळ करायला ८० मायक्रॉनच्या केसाच्या जवळपास एक षष्ठांश जोर पुरतो. ज्याला सर्वांत कमी उष्णता लागते, त्यालाच आपण सर्वांत जास्त भाजतो.

म्हणून बारीक केस सरळ करण्याचं मुख्य काम ब्लो ड्रायवर सोपवा. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस ज्या आकारात वाळतो त्याच आकारात ते पुन्हा जुळतात. धुतल्यावर मऊ टॉवेलने फक्त टिपून घ्या, चोळू नका. मोकळ्या केसांवर ड्रायर फिरवून बरंचसं पाणी घालवा. मग पातळ सेक्शन घेऊन पॅडल ब्रशने हलका ताण द्या, नोझल मुळाकडून टोकाकडे धरा आणि शेवटी गार हवेचं बटण दाबून तो आकार बसू द्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात पंधरा सेंटिमीटर अंतरावरून, सतत हलवत ड्रायर वापरला होता. तेव्हा केसांपाशी तापमान ४७ अंश होतं. पाच सेंटिमीटरवर ते ९५ झालं आणि पृष्ठभागाची हानीही वाढली. ड्रायर आणि केस यांच्यात वीतभर अंतर ठेवा, एवढं सांगितलं तरी नव्या मदतनीस मुलीच्या लक्षात राहतं.

इतकं केल्यावर प्लेट फक्त शेवटच्या सफाईला उरते. केस पूर्ण कोरडा, तापमान १५० अंशांच्या आसपास आणि न थांबता एकच फेरी. ब्लीच किंवा रंग केलेला बारीक केस असेल तर त्याहूनही खाली या, किंवा प्लेट बाजूलाच ठेवा. हीट प्रोटेक्टंट जरूर लावा, पण त्याचं काम उष्णता केसात सावकाश आणि सारखी पसरवण्याचं आहे. तो लावला म्हणून २३० चालतं, असं नाही. लावल्यावर तोही वाळू द्या.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या मैत्रिणींची अडचण आम्हाला ठाऊक आहे. हॉलपर्यंत पोचेस्तोवर दमट हवेने केस पुन्हा वळतात आणि ग्राहक नाराज होते. पण तात्पुरतं सरळपण ओलाव्याने सुटणारच. प्लेट आणखी तापवून हवेतला ओलावा कमी होत नाही. दमटपणा अडवणारं हलकं सिरम थेंबभर लावा, आणि हे सरळपण किती तास टिकेल ते खुर्चीत बसतानाच स्पष्ट सांगा.

नीट ब्लो ड्रायला वेळ जातो. मग त्या वेळाचे पैसे घ्या, संकोच नको. दरपत्रकात ‘बारीक केसांसाठी कमी तापमानाचं स्ट्रेटनिंग’ अशी वेगळी ओळ टाका आणि ग्राहकाच्या कार्डावर केसाच्या पोतासोबत वापरलेलं तापमानही लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीने हात लावला तरी तिला अंदाज करत बसावं लागणार नाही.