पेट्रोलचा कॉक कुठे बसवावा?

बिरसीच्या धावपट्टीवरून उठलेली शिकाऊ विमाने गोंदियावर घिरट्या घालू लागली, की वर्गातली निम्मी मुले खिडकीबाहेर पाहतात. उरलेली निम्मी झोपलेली असतात. मराठीच्या मास्तराला विमानाशी काय कर्तव्य, असे कुणी म्हणेल. पण कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, तेव्हापासून हा विषय माझ्या मानगुटीवर बसला आहे. ते विमान 2016 साली मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि 2020 साली धुळ्याला उडाले. लोक पंख पाहतात. मला प्रश्न पडतो, टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत बिनबोभाट जाते कसे?

तसे पाहिले तर टाकी, नळ्या, गाळणी, पंप आणि कॉक, एवढाच संसार. आपल्या जुन्या स्कूटरचाच, म्हणा ना! पण स्कूटर बंद पडली तर ती आडवी करून पुन्हा किक मारता येते. आकाशात ही सोय नाही. म्हणून टाकी वर असून पेट्रोल आपल्या वजनाने उतरत असेल, तर इंजिनाच्या कमाल गरजेच्या दीडपट धार यावी, पंप असेल तर सव्वापट, असा दंडक आहे. पाणी पेट्रोलहून जड, ते तळाशी बसते. तेव्हा तळाला तोटी हवी, आणि उड्डाणापूर्वी थोडे पेट्रोल काचेच्या नळीत काढून पाहायला हवे. मोटारीच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, काही जातींचे रबर फुगवते. स्कूटरच्या दुकानातला वॉशर ‘बसतो की!’ म्हणून विमानात बसवू नये तो यासाठी.

आणि कॉक? अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचे विमान असेच हौशी माणसाने घरी बांधलेले होते. बर्ट रुटान यांच्या मूळ नकाशात कॉकची मूठ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. बसायच्या जागेत पेट्रोलची नळी नको, हा हेतू. हेतूला मी नावे ठेवणार नाही. पण हात पोचेना. उड्डाणापूर्वी मुठीला पकड लावून ती लांबवायचा प्रयत्न झाला, तो फसला. पेट्रोल किती उरले ते मागे वळून दिसेना, म्हणून आरसा घेतला. 12 ऑक्टोबर 1997 रोजी ते उडाले. टाकी बदलण्यासाठी मागे वळताना उजव्या पायाखालचे सुकाणू दाबले गेले, विमानावरचा ताबा सुटला आणि ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले, असा चौकशीचा निष्कर्ष आहे.

गच्चीवर विमान बांधणाऱ्या माझ्या भावी विद्यार्थ्याने कॉकसाठी भोक पाडण्यापूर्वी आसनावर बसावे, पट्टे आवळावेत, डोळे मिटावेत आणि हात पुढे करून पाहावा.