नवी मुंबईत ‘फॉल’ साडीलाच लागतो! मग कपाटात नेमकं काय हवं?

सप्टेंबर संपत आला की मोबाइलवर ठरावीक रील्स सुरू होतात. लांब ट्रेंच कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्यात लोकरीचा मफलर, हातात कॉफीचा कप आणि खाली मजकूर, ‘फॉल वॉर्डरोबमध्ये या दहा गोष्टी हव्याच!’ यंदा असं पहिलं रील मी ऐरोली स्टेशनच्या फलाटावर, पाठीला चिकटलेला कुर्ता सोडवत पाहिलं. आमच्या घरी फॉल म्हणजे साडीला लावतात तो. सोसायटीखालच्या पिकोवाल्या काकू दोन दिवसांत लावून देतात.

थट्टा बाजूला ठेवू, कारण प्रश्न पैशांचा आहे. नवरात्र ते दिवाळी या काळात बोनस, सेल आणि ‘आता घ्या, नंतर द्या’ हे सगळं एकदम अंगावर येतं. पंचविशीतली माझ्या ओळखीची निम्मी मंडळी याच दिवसांत वर्षाचे कपडे घेतात आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्या तरी देशाच्या हवामानासाठी घेतात.

आपल्याकडे ‘फॉल’ असतो का?

इंग्रजीतला ‘फॉल’ म्हणजे पानगळ. आपली पानगळ शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. अश्विन-कार्तिक हा शरद ऋतू. दूध आटवून कोजागरीचं चांदणं बघायचं, पण दुपारी बाहेर पडायचं नाही, असा हा काळ. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. ढग निघून जातात, जमीन ओली असते, वारे पूर्वेकडून म्हणजे जमिनीवरून येऊ लागतात आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा पोहोचतो. पारा ३५ अंशांच्या आसपास आणि वर दमटपणा. यालाच आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. म्हणजे रील्समधला लोकरीचा कोट आपल्यापर्यंत येतो तो नेमका वर्षातल्या दुसऱ्या उन्हाळ्यात.

खरी थंडी डिसेंबरच्या मध्यानंतर. तीही पहाटेची. खारघरच्या डोंगराकडे राहणारे जरा जास्त कुडकुडतात आणि त्याचा त्यांना अभिमानही असतो.

मग कपाटात जॅकेट लागतं कशाला?

ऑफिसमुळे. ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत बाराही महिने शरद-हेमंत चालू असतो. घामेजलेल्या लोकलमधून उतरून, उन्हात दहा मिनिटं चालून आपण थेट २२ अंशांत जाऊन बसतो. बेलापूर-पेंधर मेट्रोने येणाऱ्यांचा हा धक्का दोन टप्प्यांत विभागला जातो, इतकंच. म्हणजे आपले ऋतू महिन्यांप्रमाणे बदलत नाहीत, दरवाज्याप्रमाणे बदलतात. एका दिवसात दहा-बारा अंशांचा फरक सांभाळायचा आहे आणि कपाट त्या हिशेबाने भरायला हवं.

हे मोजायला एकक आहे (इंजिनीअरिंगची चार वर्षं कुठे तरी कामी यावीत!). १९४१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कपड्यांच्या उबेसाठी ‘क्लो’ हे माप ठरवलं. २१ अंशांत शांत बसलेल्या माणसाला ना गरम ना थंड वाटावं इतकी ऊब म्हणजे १ क्लो. त्या काळच्या साहेबाचा सूट डोळ्यांपुढे आणा. आपला अर्ध्या बाह्यांचा शर्ट ०.१९, पातळ पँट ०.१५, बूट-मोजे वगैरे धरून रोजचा वेश अर्ध्या क्लोच्या आतबाहेर. त्यावर पातळ, पूर्ण बाह्यांचा स्वेटर चढवला की ०.२५ ची भर. एसीतली हुडहुडी घालवायला बहुतेकांना एवढंच पुरतं. जाड लोकरीची गरजच पडत नाही. साडीच्या उबेचंही मोजमाप झालेलं आहे. पदर खांद्यांवरून लपेटून घेतला की ती वाढते, हे आज्यांना एककाशिवाय ठाऊक होतं.

इथे एक तक्रार. हे जॅकेट विकत घेण्याची वेळ आपल्यावर यावीच का? १ जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसींचं मूळ सेटिंग २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे आणि एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. इमारतींच्या मध्यवर्ती एसीला मात्र हे कोणी सांगत नाही. २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं की ऑफिसच्या तापमानाचं सूत्र १९६० च्या दशकातल्या सरासरी पुरुषाच्या शरीरावर बेतलेलं आहे. म्हणूनच खुर्चीच्या पाठीवर कायम लटकणारी शाल बहुतेक वेळा बाईची असते. कंपनीने दोन अंश वाढवले तर अनेकींचा एकेक स्वेटर वाचेल.

रोजचे कपडे कोणते?

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सुती किंवा लिनन. पांढरा, निळा, राखाडी. दोन नीट बसणाऱ्या पँट, एक जीन्स, एक पातळ सुती कार्डिगन किंवा बंडी. बंडी पुरुषांनी घालायची असते, असा गैरसमज असेल तर तो सोडा. खादीचा कुर्ता पहिल्या दोन धुण्यांत आटतो, तेव्हा किंचित सैल घ्या.

खरेदीआधी एक आकडा लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के जीएसटी आहे. २,५०० चा कुर्ता करासह २,६२५ ला पडतो, २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकासाठी ४४३ रुपये!

आणि लक्ष वेधणारे?

ज्याला ‘स्टेटमेंट पीस’ म्हणतात तो आपल्याकडे आधीपासून आहे. संक्रांतीची काळी चंद्रकळा हे माझ्या मते मराठी घरातलं सगळ्यात चोख ऋतुमानाचं वस्त्र. वर्षभर सणाला वर्ज्य असलेला काळा रंग ऐन थंडीत, उष्णता धरतो म्हणून, एका दिवसासाठी मानाचा होतो. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूची शाल घ्या. सुती ताणा, रेशमी बाणा, आणि एसीसाठी अगदी बेताची ऊब. किंवा खणाचं जॅकेट. साध्या पांढऱ्या शर्टावर ते घातलं की बाकी काही लागत नाही. फक्त बाजारात ‘खण’ म्हणून पॉलिस्टर सर्रास खपवलं जातं. कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सूत असेल तर राख होईल, पॉलिस्टर वितळून मणी होईल. बेलापूरच्या अर्बन हाटला हातमागाची प्रदर्शनं भरतात, तिथे निदान विणणाऱ्याला विचारता तरी येतं.

याउलट नवरात्रीचे नऊ रंग. वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने सुरू केलेल्या या गमतीचा आता ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फतवा होतो. गंमत म्हणून मलाही आवडते. पण ग्रुप फोटोसाठी मोरपंखी कुर्ता विकत घेणं जरा जास्त होतं. ओढणी मागून आणा.

हे सगळं मला कसं कळलं?

दुसऱ्या नोकरीच्या पहिल्या पगारात मी एका ऑनलाइन सेलमधून ४,२०० रुपयांचं चामड्यासारखं दिसणारं जॅकेट घेतलं, तीन हप्त्यांत. ऑफिसला तीनदा घातलं, महाबळेश्वरला एकदा. म्हणजे एका वेळेचे १,०५० रुपये. त्याच महिन्यात घेतलेला ९०० चा पांढरा सुती शर्ट दोन वर्षांत ऐंशी वेळा तरी अंगावर चढला. तो पडला सव्वाअकरा रुपयांना.

दुसरा पावसाळा संपल्यावर कपाट उघडलं तर जॅकेटच्या बाह्यांचे पापुद्रे शेजारच्या ड्रेसवर पडले होते. हे कृत्रिम चामडं म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर आणि दमट हवेतलं पाणी तो थर हळूहळू तोडतं. न वापरतासुद्धा. कोपरखैरण्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, त्याला फार वेळ लागला नाही. खऱ्या चामड्याला त्याच कपाटात बुरशी आली असती.

जॅकेट गेलं. चेन चांगली होती, ती आईने उसवून ठेवली आहे.