पहाटेच्या पोटदुखीचा धडा

रोह्याच्या नाहीतर पेणच्या आतल्या भागातली एखादी वाडी, पावसाळ्याचे दिवस. पहाटे पोर पोट धरून उठतं. अंगावर सूज नाही, रक्त नाही. घरचे ओवा चावायला देतात, बेंबीला हिंग लावतात आणि ‘रात्रीचं काही बाधलं असेल’ म्हणून पुन्हा निजवतात. मग पापण्या जड होऊ लागतात, थुंकी गिळवत नाही. जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावला की पुष्कळदा असंच होतं. दंश फारसा दुखत नाही, दातांची खूण दिसेलच असं नाही, आणि पहिली तक्रार पोटाचीच असते.

त्या घरात त्या वेळी डॉक्टर नसतो. आठवी-नववीतली थोरली बहीण मात्र असते. पहाटेची पोटदुखी आणि मिटू लागलेल्या पापण्या एकत्र दिसल्या तर गाडी बघायची, 108 ला फोन लावायचा, हे तिला ठाऊक असावं की नाही? किशोरवयीनांना स्वतःच्या आरोग्याची रोजची कौशल्यं शाळेत शिकवावीत म्हटलं की ठरावीक आक्षेप पुढे येतात. ते सगळे या मुलीसमोर उभे करून बघावेत.

पहिला आक्षेप अर्धवट ज्ञानाचा. मुलं चार गोष्टी शिकतील आणि घरच्या घरी डॉक्टरकी करतील, अशी भीती असते. भीती खोटी नाही. पण ही डॉक्टरकी आजही चालूच आहे, फक्त तिचे गुरू वेगळे आहेत: मेडिकलच्या काउंटरवरचा पोऱ्या, शेजारच्या काकू आणि मोबाईलवरचा कुणी बाबा. दुकानदार पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवतो आणि मुदत संपण्याची तारीख कापलेल्या उरल्या भागावर दुकानातच राहते. ती मागून वाचायला शिकवणं ही डॉक्टरकी नव्हे. पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, याचा प्रचार केंद्र सरकारने 2016 पासून केला आहे. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो, म्हणून अंगदुखीची आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. या कौशल्यांचा मोठा हिस्सा असा हात आवरण्याचाच आहे.

सर्पदंशाचंही तेच. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, चालवायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळकुटाला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा आणि तडक सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मोफत मिळतं. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली, त्यांतली चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालची होती. रोहा-पेणच्याच जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं आणि गंभीर रुग्णांतलं चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. औषध सापडलं, पण रुग्ण मांत्रिकाच्या ओट्यावर दोन तास बसला तर ते त्याच्यापर्यंत पोहोचणार कसं? तो वेळ वाचवणं घरच्यांच्याच हातात असतं.

दुसरा आक्षेप सरकारी थाटाचा: हे सगळं आहेच की! आहे, कागदोपत्री बरंच आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे. 2020 पासून शालेय आरोग्य कार्यक्रमात शाळेतले दोन शिक्षक तयार करायची योजना आहे. आठवड्याला लोहाची निळी गोळी आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के आणि मुलांपैकी 31 टक्के रक्तक्षयाचे निघाले. गोळी वाटणं सोपं असतं. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं, मुलगी घाबरते आणि पुढची गोळी खिडकीबाहेर जाते. जेवल्यावर घे, वर लगेच चहा पिऊ नकोस, लिंबू पीळ, काळं होणं साधं आहे, एवढं कुणी सांगितलं तर ती पोटात टिकते.

ओआरएसचं पाकीट घ्या. एक लिटर पाण्याचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून लहान भावाला पाजलं तर क्षार घातक प्रमाणात वाढतात. उलट, चिमूटभर पूड पेल्यात टाकून उरलेली जपून ठेवली तर उपयोग होत नाही. दप्तरातली लिटरची बाटली, उकळून गार केलेलं पाणी, अख्खं पाकीट एकदम, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं: हे वाचून येत नाही, एकदा स्वतः करावं लागतं. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि माणसं अपुरी, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. अर्धवट ज्ञानवाल्यांनी यावरही बोलावं.

संस्कृती बिघडण्याच्या आक्षेपावर फार शाई खर्चायला नको. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये लैंगिक आरोग्यावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं तेव्हाही तो होता, आणि 2007 मध्ये राज्याने लैंगिक शिक्षण थांबवलं तेव्हाही. पुढे 2018 च्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देऊ केले. ते चार-सहा तासांनी बदलायचे असतात, हे सांगायला मात्र पुन्हा लाजच आडवी.

सगळ्यात वजनदार आक्षेप डाव्या अंगाने येतो. मुलीच्या ताटात काही नाही, नळाला पाणी नाही, आणि तुम्ही तिला हात धुवायला शिकवता? हे निम्मं खरं आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातल्या मुलीचा रक्तक्षय लिंबू पिळून जाणार नाही. पण तिचं हिमोग्लोबिन आठ आहे आणि बाराला पोहोचायला हवं, हे तिला स्वतःला माहीत असलं तर आरोग्य केंद्रात ‘गोळ्या संपल्या’ ऐकून ती गप्प परतेलच असं नाही. हक्क मागायलाही आपला आकडा ठाऊक लागतो. शिवाय ही कुटुंबं पावसाळा सरला की भट्टीवर निघतात, म्हणून हे धडे जून ते ऑक्टोबरमध्येच बसवावे लागतील.

आणि धडे इथलेच हवेत. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात सुट्टीत घासकामाला बसणाऱ्या मुलाला पॉलिश पेपरने उडणारी बारीक पूड रुमालाने अडत नाही, हे कळायला हवं. धाटाव एमआयडीसीजवळच्या मुलांना वायूचा उग्र वास आल्यास वाऱ्याला आडवं होऊन पळायचं, खोलगट जागेत थांबायचं नाही, हे यायला हवं. आवणीला चिखलात उतरलेल्याने पुढे ताप आल्यावर ‘पायाला जखम होती, शेतात होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. त्या एका वाक्याने लेप्टोस्पायरोसिसचा संशय वेळेवर येतो.

राहिला वेळेचा प्रश्न. दहावीला हात लावू नका. सातवी ते नववीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासांतून महिन्याला दोन तास पुरतील. शिक्षक मात्र आधीच ऑनलाइन माहिती भरून वाकले आहेत, त्यांच्या माथी हे मारू नये. उपकेंद्राची परिचारिका आणि गावची आशाताई यांनी हे तास घ्यावेत, आणि आशाताईंना त्याचा तासागणिक वेगळा मोबदला मिळावा. लसीकरण, सर्वेक्षण, नोंदी यांच्या ओझ्यावर हेही फुकट लादायचं ठरलं, तर ही योजनाही गोळ्यांच्या वाटेने जाईल.