दोराचा काच

गेल्या महिन्यांत आमच्या हातखंब्याच्या घरीं एक लहानसा अपघात घडला. विहिरीवरचा काथ्याचा दोर जुना झाला म्हणून आम्हीं रत्नागिरीच्या बाजारांतून नायलॉनचा गुळगुळीत दोर आणला आणि मोठ्या ऐटीनें घागरीला बांधला. पुरता महिनाही झाला नसेल, तोंच एके सकाळीं घागर अर्ध्यावर आली असतां दोर तुटला व आमच्या पणजीच्या वेळची ती तांब्याची घागर तळाशीं गेली. दोर पाहतों तों सारा नव्यासारखा. फक्त फांस जेथें घागरीच्या कांठावर घासत होता, तेथेंच कुरतडल्यासारखा झालेला. ऐंशी उलटलेल्या आमच्या काकू ओटीवरून म्हणाल्या, "नवा दोर आणलात खरा, पण काचाची चिंधी कोणीं गुंडाळली? जुन्या दोराला होती, ती तुम्हीं दोराबरोबर टाकून दिलीत."

काकूंचें माहेर जयगडचें. हातखंब्यापासून समुद्र चार-पांच कोस दूर; आम्हां मंडळींना तो दिसतो तो रत्नागिरीस गेलें म्हणजे. काकूंचें बालपण मात्र खाडीच्या कांठीं गेलें. शिडाचीं गलबतें पावसाळ्यापूर्वीं किनाऱ्यावर ओढून शाकारलेलीं आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां पाण्यांत लोटलेलीं त्यांनीं पाहिलीं आहेत. त्यांच्या शेजारचा एक म्हातारा तांडेल म्हणे, शीड वाऱ्यानें फाटत नाहीं, काचानें फाटतें. वारा केवळ निमित्त होतो. हें वाक्य आमच्या मनांतून जाईना, म्हणून या महिन्यांत त्याचाच विषय करीत आहों.

शीड म्हणजे अखेर कापडच. मुंबईच्या डोंगरी भागावरून 'डोंगरी' हें नांव पडलेलें जाडेंभरडें सुती कापड एके काळीं देशी होड्यांच्या शिडांना व तंबूंना वापरीत; इंग्रजांच्या 'डंगरी' शब्दाचें मूळ तेंच. असलें कापड काथ्याच्या दोराशीं अहोरात्र घासूं लागलें म्हणजे काय होणार? काथ्या खाऱ्या पाण्यांत सहसा कुजत नाहीं, ताण सोसतो, पाण्यावर तरंगतो. पण अंगानें तो खरखरीत. जहाज डोलतें तेव्हां दर डुलण्यासरशीं शीड एखाद्या दोरावर घांसतें. एका घासण्यानें कांहींच होत नाहीं. पण आठवड्यानंतर त्या जागीं कापड जाळीदार होतें, आणि मग वावटळीच्या पहिल्या फटक्यासरशीं कडेपासून कडेपर्यंत उभें चिरतें. भर समुद्रांत हें झालें तर खलाशी दुसरें शीड चढवितील. परंतु वारा किनाऱ्याकडे लोटीत असतां आणि खालीं खडक असतांना झालें तर सारें गलबतच जातें. अशा वेळीं बोटभर झिजलेल्या जागेवर पंधरा-वीस माणसांचे प्राण टांगलेले असतात.

पाश्चात्त्य जहाजांवर याची फारच धास्ती. डोलकाठ्यांना चहूंकडून ताणलेले पक्के दोर असल्यामुळें शिडाला घासावयास जागाही तितक्याच. रिचर्ड हेन्री डेना नांवाचा अमेरिकन विद्यार्थी १८३४ सालीं बोस्टनहून साधा खलाशी होऊन निघाला. १८४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत तो सांगतो कीं, ही काचापासून बचावाची सामुग्री घालणें, काढणें व दुरुस्त करणें एवढेंच काम दोन-तीन माणसांना सबंध सफरभर पुरलें असतें. दोर वाचवावयाचा तर त्याच्या पिळांतील खांचा बारीक दोरीनें भरीत, वर डांबर लावलेली कापडाची पट्टी गुंडाळीत, आणि त्यावर उलट्या दिशेनें सुतळी घट्ट आवळीत. शीड वाचविण्याची युक्ति याहून गमतीची. निकामी दोर उसवून त्याचे वीतभर तुकडे करावयाचे, ते दोन समांतर दोऱ्यांवर एकाशेजारीं एक अडकवून दाट झालर विणावयाची, आणि ती ताणदोराभोंवतीं सर्पाकार गुंडाळावयाची. मोठा केसाळ सुरवंटच दोरावर चढल्यासारखें दिसतें! शीड येऊन टेकलें कीं त्याला पिळाची धार लागत नाहीं, मऊ टोंकें लागतात व वांकतात. याला इंग्रजींत बॅगीरिंकल म्हणतात; शब्द ऐकून हसूं येतें, पण वस्तु हसण्यासारखी नव्हे.

आपल्या पडावांवर व पाथेमारींवर असे सुरवंट फारसे लागत नसत, याचें कारण त्यांच्या बांधणींत आहे. डोलकाठी पुढें कललेली, त्यामुळें परबाण तिच्यापासून सुटें लोंबतें. डोलकाठीला आधार देणारे दोर कायमचे ताणलेले नसून वाऱ्याच्या बाजूस तेवढे आवळतात व शिडाच्या बाजूचे सैल सोडतात. म्हणजे घासणारा दोरच दूर केला! अर्थात् फुकट कांहीं मिळत नाहीं. वाऱ्याची बाजू बदलली कीं जड परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावें लागे, आणि आळस केला तर शीड डोलकाठीवरच दाबलें जाऊन झिजे. उरल्या जागीं जुन्या शिडाचीं ठिगळें आणि चिंध्या. काकू सांगतात कीं तो तांडेल संध्याकाळीं शिडाच्या कडेवरून तळहात फिरवी, जसा आपण तापलेल्या मुलाच्या अंगावरून फिरवितों.

जहाजावर जुना दोर कधीं टाकीत नसत, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. तो उसवून फळ्यांच्या फटींत भरीत, त्याच्या चटया विणीत, झालरी करीत. घरांतील बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवतात तोच हा संसार. फक्त तेथें तो दाढीवाले खलाशी करीत.

ही विद्या अगदींच लोपली आहे असें नाहीं. २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें भारतीय नौदलांत 'कौंडिण्य' हें शिडाचें जहाज दाखल झालें. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकाच्या चित्रावरून तें बेतलेलें असून त्याच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नाहींत, काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या आहेत. आपल्या 'तारिणी' नौकेवरून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं २०१७-१८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा केली, हें काकूंना वाचून दाखविलें तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न विचारला, "त्यांचीं शिडें कोण तपासीत होतें?" त्या स्वतःच, असें सांगतांच त्यांचें समाधान झालें.

परवां काकूंनीं नव्या दोराच्या फांसाला गुंडाळावयास आमचें एक जुनें धोतर मागितलें. तें आणखी वर्षभर चाललें असतें असें आमचें मत होतें, पण दिलें. घागर मात्र अद्याप विहिरींतच आहे. दोनदां गळ टाकला, दोन्ही वेळां नुसता चिखल वर आला.