चौकटीत आत्या कुठे आहे?



दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमचं अख्खं घर जामसांवलीला गेलं होतं. आत्याची फार दिवसांची इच्छा, म्हणून दोन गाड्या करून निघालो. दर्शन झालं, पिंपळाखाली बसून डबे सोडले, येताना सौंसरच्या रस्त्यावर मृग बहाराची संत्री घेतली. चार मोबाईलमध्ये मिळून दीडशेच्या वर फोटो निघाले. त्याच वर्षी आषाढात आत्या गेली.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून रात्री सगळे मोबाईल घेऊन बसलो. दीडशे फोटोंत एकही धड सापडेना. कुठे ती अगदी कडेला, चेहरा लांबट झालेला. कुठे तिच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. बऱ्याच फोटोंत अर्ध्याहून जास्त जागा आकाशाने आणि कळसाने घेतलेली, खाली आम्ही मुंग्यांएवढे. शेवटी एका ग्रुप फोटोतून तिला कापून काढलं आणि मोठं करून घेतलं. भिंतीवरच्या त्या फोटोत आजही तिच्या खांद्यावर चार बोटं दिसतात. ती माझीच आहेत.

तेव्हापासून फोटो काढायला शिकते आहे. मी काही फोटोग्राफर नाही, पण जे चुकून शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट जामसांवलीनेच शिकवली. बहुतेक ठिकाणी मारुती उभा किंवा उड्डाणाच्या पवित्र्यात असतो, इथला निजलेला आहे. पण आपल्या हाताला मोबाईल उभा धरायची इतकी सवय की आडव्या मारुतीसाठीही तो उभाच धरला जातो. मग मूर्ती मध्ये पट्टीसारखी येते आणि वर-खाली भिंत नि फरशी. (गाभाऱ्यात फोटो काढायचा तर आधी विचारून घ्या आणि मागच्या रांगेचा विचार करा.) जे आडवं पसरलंय त्याला आडवी चौकट, जे उभं आहे त्याला उभी. नदीचं पात्र, जेवणाची पंगत, पोळ्याला सजवलेली जोडी आडव्यात घ्या. एकटा माणूस उभ्यात.

दुसरं, चेहरा लांबट का होतो? मोबाईलची नेहमीची भिंग रुंद दृश्य घेणारी असते, आणि तिच्यात कडेला आलेली वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते. गर्दीतल्या फोटोत घरातली वयस्कर माणसं नेमकी कडेला उभी राहतात, कारण 'मला कशाला मध्ये' म्हणत सरकत सरकत तिथे जातात. त्यांना मध्ये बोलवा, कडेला पोरांना उभं करा. एकट्याचा फोटो असेल तर दोन पावलं मागे जाऊन दुपटीचा झूम लावा. फार जवळ गेलं की नाक मोठं दिसतं, आणि मग म्हातारी माणसं म्हणतात, माझा फोटो चांगला येतच नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' नावाचा पर्याय असतो. चालू केला की पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तीन भागांच्या या नियमाला नाव दिलं, म्हणजे नियम कॅमेऱ्यापेक्षाही जुना. क्षितिज मधोमध न ठेवता वरच्या किंवा खालच्या रेघेवर ठेवायचं, माणूस डाव्या किंवा उजव्या रेघेवर, आणि तो जिकडे पाहतोय तिकडे जागा मोकळी सोडायची. मला मात्र रेघांचा खरा उपयोग वेगळाच झाला. मंदिर वाकडं येणं थांबलं! आणि हार घालायच्या फोटोला हा नियम लावू नका, तिथे माणूस मधोमधच हवा.

आपल्या इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफर झालेले राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) काचेच्या पट्ट्यांवर फोटो काढत. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर दृश्य उलटं दिसे, डोकं खाली पाय वर. गैरसोयच ती, पण त्यामुळे नजर ओळखीच्या चेहऱ्यावर न अडकता आकारांवर जाते. कुठे फार गर्दी, कुठे नुसती पोकळी, लगेच कळतं. मी आता काढलेला फोटो मोबाईल उलटा करून बघते. शेजारी बसलेले हसतात, हसू देत.

गेल्या वर्षी पुन्हा जामसांवलीला गेले, तेव्हा पिंपळाचे फोटो मोठ्या अभिमानाने एका हारवाल्या बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "बाई, झाडाचे पाय काहून कापले?" खरंच, प्रत्येक फोटोत बुंधा अर्ध्यातून तुटलेला. माणसांचंही आपण हेच करतो. कापायचं तर कमरेशी किंवा छातीशी कापावं, घोट्याशी, गुडघ्याशी किंवा मनगटाशी नाही. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची, एवढं त्या बाईंमुळे अंगवळणी पडलं. मागचा खांबही त्याच फेरीत दिसतो, अर्धं पाऊल सरकलं की तो डोक्यातून निघून जातो.

त्याच दिवशी आईला पिंपळाच्या सावलीत, उन्हाकडे तोंड करून बसवलं. भर दुपार होती, पण सावलीच्या कडेला उजेड मऊ असतो. "माझा एकटीचा कशाला," ती म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. तिने पदर सारखा केला, संत्र्याची पिशवी बाजूला सरकवली आणि माझ्याकडे बघितलं.