उन्हावर कुणाचा सातबारा नाही

गहू-हरभऱ्याच्या हंगामात आमच्या भडगाव तालुक्यात रात्री अकरा-बाराला शेताकडे निघालेली माणसे दिसतात. डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की थंडी असो, साप-विंचू असो, पाणी भरायला जावेच लागते. 2017 मध्ये शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात बिबट्या माणसांवर हल्ले करू लागला होता. डिसेंबरात तो मारला गेला, पण त्याआधी गिरणाकाठच्या कितीतरी घरांत रात्री शेतात गेलेला माणूस परत येईपर्यंत बायका जाग्या बसलेल्या असत.

म्हणून सौर ऊर्जा, पवन ऊर्जा, जलविद्युत यांचे फायदे-तोटे ही आमच्यासाठी शाळेतल्या निबंधाची बाब नाही. आम्हाला वीज दिवसा हवी आहे. ती कुठून येईल, आणि ती येताना कुणाचे काय जाईल, हे आम्हाला विचारावेच लागते.

पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सर्व लोक भागीदार आहेत, अशा अर्थाची एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. अग्नी म्हणजे त्या काळातले इंधन, ऊब आणि उजेड. आजच्या भाषेत सांगायचे तर ऊर्जा. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा विचार मला आजच्या ऊर्जेच्या चर्चेत फार उपयोगी वाटतो. ऊर्जेचा कुठलाही स्रोत चांगला की वाईट हे ठरवताना त्यातून किती मेगावॉट निघतात एवढेच पाहून भागत नाही. त्यात वाटा कुणाला मिळाला आणि तोटा कुणाच्या पदरी पडला, तेही पाहायला हवे. सुदैवाने, की दुर्दैवाने, या तपासणीसाठी खान्देशाबाहेर जाण्याची गरज नाही. जवळजवळ सगळे नमुने इथेच आहेत.

आधी कोळशाचे बोलू, कारण बदल का हवा ते त्यावरूनच कळते. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. दिवस-रात्र, पाऊस-ऊन न पाहता ते वीज देते. कोळशाचा हा गुण नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी कोळसा रेल्वेने दुरून आणावा लागतो, तापीचे पाणी द्यावे लागते, आणि मागे राखेचे ढीग उरतात. वीज राज्यभर जाते, राख मात्र तिथल्याच गावांच्या अंगणात राहते. शिवाय कोळशाच्या धुराने तापमान वाढते. पावसाचा लहरीपणा आणि अवकाळी गारपीट कापूस आणि केळी पिकवणाऱ्यांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता वाऱ्याकडे वळू. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे गेलात की ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. वाऱ्याला इंधन लागत नाही, पाणी लागत नाही. खांबाखाली थोडीच जागा जाते आणि आजूबाजूला शेती करता येते. आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे वारा सर्वांत जास्त वाहतो तो जून ते सप्टेंबर, म्हणजे ढगांमुळे सौर ऊर्जा कमी पडते नेमक्या त्याच महिन्यांत. दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. तोटा असा की रब्बीत, जेव्हा आम्हाला पाणी भरायचे असते, तेव्हा वारा मंदावतो. दुसरा तोटा तांत्रिक नाही. साक्रीच्या डोंगरांवर पवनचक्क्यांसाठी वनजमीन दिली गेली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे कसणाऱ्या आदिवासींनी विरोध केला. ती जमीन त्यांच्या नावावर नव्हती, म्हणून कागदोपत्री ती रिकामी होती. 2006 चा वनहक्क कायदा याच अन्यायाच्या दुरुस्तीसाठी आला, पण पवनचक्कीचा रस्ता कागदापेक्षा लवकर डोंगरावर पोचतो.

सूर्याची गोष्ट अशीच आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून तो उभा राहिला. खान्देशाचे ऊन, जे आम्ही एप्रिल-मेमध्ये शिव्या देत सोसतो, तेच इथे पीक झाले. सौर ऊर्जेत धूर नाही, आवाज नाही, फिरणारे यंत्र नाही. पण एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. पवनचक्कीखाली नांगर चालतो, पॅनेलखाली सहसा चालत नाही. आणि जमीन म्हटली की मला विखरणचे धर्मा पाटील आठवतात.

शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणची जमीन आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून घेतली गेली, पुढे तिथे सौर प्रकल्पाची योजना आली. धर्मा पाटील यांच्या सुमारे पाच एकरांना जेमतेम चार लाख रुपये मोबदला मिळाला. न्याय मागत ते वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिले. 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात त्यांनी विष घेतले आणि 28 जानेवारीला ते गेले. वय 84. त्यात सूर्याचा काय दोष? पण ‘हरित’, ‘स्वच्छ’ असे शब्द कानावर पडले की मी हे नाव स्वतःला मुद्दाम आठवून देतो. वीज स्वच्छ असली म्हणून तिच्यासाठीचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

पाण्याची वीजही याच कसोटीवर पाहा. ती हवी तेव्हा सुरू करता येते, हवी तेव्हा थांबवता येते. सूर्याला आणि वाऱ्याला हे जमत नाही. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावे बाधित झाली, बहुतेक आदिवासी. ज्यांच्या चुली पाण्याखाली गेल्या त्यांच्यातल्या अनेकांना पुनर्वसनासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवावी लागली. भागीदारी म्हणायची ती याला?

मग सोडून द्यायचे का हे सगळे? अजिबात नाही. माझे म्हणणे एवढेच की स्रोताइतकेच त्याचे आकारमान आणि मालकी महत्त्वाची आहे. याची दोन उदाहरणे आता आमच्या बांधावरच आली आहेत.

पहिले सौर कृषी पंपाचे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. यावल-रावेरकडच्या आमच्या तडवी भिल्ल भावांना, जे मुसलमानही आहेत आणि आदिवासीही, ही सवलत लागू होते. त्यांनी ती जरूर घ्यावी. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरापर्यंत पाचचा आणि त्यापुढे साडेसातचा पंप मिळतो. फायदा उघड आहे: रात्रीचे पाणी भरणे बंद.

गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात गेलो होतो. चाचा सकाळी सकाळी ओल्या फडक्याने पॅनेल पुसत होते. म्हणाले, “बेटा, रात्री झोप लागते आता. पण नऊ वाजेपर्यंत पाणी धारेला लागत नाही, ढग आले की पुन्हा बसा. आणि बिघाड झाला की जळगावहून माणूस येईपर्यंत पीक थांबत नाही.” त्यांचे पाणी वर आहे म्हणून निभावते. ज्यांची बोअर फार खोल गेली आहे त्यांना एवढ्या ताकदीचा पंप पुरत नाही. म्हणून वर्षानुवर्षे वीजजोडणीची वाट पाहणाऱ्या माणसाला सौर पंपाखेरीज पर्यायच न ठेवणे मला योग्य वाटत नाही. जमिनीखालचे पाणी किती खोल आहे ते पाहून निवड त्याला करू द्यावी.

यात एक धोका मात्र आपल्याच हातातला आहे. फुकटच्या उन्हावर पंप दिवसभर चालतो, बिल येत नाही, तेव्हा बंद करायची आठवणही राहत नाही. रावेर आणि यावल या केळीच्या तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला आहे. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाण्याची उधळपट्टी करू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना सांगतो. मग बोअरच्या पाण्याला ती लागू नाही का? सूर्य कितीही मोफत असो, त्याने वर काढलेले पाणी मोफत नाही. सौर पंपासोबत ठिबक आणि विहीर-बोअरचे पुनर्भरण हवेच. नाहीतर स्वच्छ विजेने आपण जमीन अधिक वेगाने कोरडी करू.

दुसरे उदाहरण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे. यात सबस्टेशनच्या जवळ लहान सौर प्रकल्प उभारून त्या भागातल्या शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. पंप नेहमीचाच राहतो, वीज सूर्याची येते. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ, आणि सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. तरी एक सावधगिरी हवी. गायरान जमीन या कामी दिली जाते तेव्हा ती रिकामी समजू नये. तिथे मेंढपाळाची मेंढरे आणि भूमिहीनाची बकरी चरते. हदीसमधल्या तीन गोष्टींत अग्नीच्या आधी चारा आहे, हे विसरू नये.

कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रकल्पांनी आणि छपरांनी राज्य चालेल का? कारखाने, रेल्वे, मुंबई-पुणे यांना मोठे प्रकल्प लागतीलच. मान्य आहे. मोठ्या प्रकल्पात युनिटचा खर्चही कमी येतो. पण तो कमी खर्च जमीनमालकाला कमी पैसे देऊन मिळवलेला नसावा. विकत घेण्याऐवजी भाड्याने जमीन घेतली आणि ग्रामसभेला खरोखर विचारले, तर मोठ्या प्रकल्पांना विरोध होण्याचे कारण उरणार नाही.

शेवटी आपल्या मोहल्ल्याबद्दल. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छपरावर तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. लहान कुटुंबाला दोन किलोवॉट पुरतात. पण त्यासाठी स्वतःचे छप्पर आणि स्वतःच्या नावावर वीज मीटर लागते. भाड्याच्या खोलीत किंवा पत्र्याच्या घरात राहणारा हमाल, केळीच्या गाडीवरचा मजूर, धुळे-मालेगावचा यंत्रमाग कामगार यातून बाहेरच राहतो. ज्याला बिलाचा बोजा सर्वांत जास्त, त्यालाच योजना सर्वांत कमी लागू.

यावर एक काम आपण सरकारची वाट न पाहता करू शकतो. मशिदी आणि मदरशांची छपरे पक्की, मोठी आणि दिवसभर उन्हात असतात. घरगुती अनुदान त्यांना मिळत नाही, किलोवॉटला 50-60 हजार रुपये खर्च येतो, हे खरे. पण आपण संगमरवरासाठी आणि झुंबरांसाठी चंदा जमवतोच. रमजानची तरावीह रात्री असते, तेव्हा सूर्य नसतो. तिथे नेट मीटरिंग कामी येते: दिवसा जादा झालेली वीज ग्रीडला जाते आणि बिलातून वजा होते. बिलात वाचलेली रक्कम कमिटीने गरीब घरांची थकलेली बिले भरायला वापरली, तर छप्पर नसलेल्यालाही उन्हात वाटा मिळेल. अमानत म्हणतात ती हीच.

पॅनेल 25 वर्षे चालते. त्यानंतर तो कचरा होईल, आणि तो कुठल्या गावाच्या वेशीवर टाकायचा हा प्रश्न पुढच्या पिढीपुढे येईल. त्याचे उत्तर आजच करारात लिहून घ्यायला हवे. दीपनगरच्या राखेच्या वेळी आम्ही ते विचारले नव्हते.